कोंडवाड्यातली वैरण

जनावरांचा कारभार जनावरंच बघत होती, तेव्हाची गोष्ट. पंचांच्या जोंधळ्यात कुणीतरी तोंड घातलं आणि बांधावर उभी होती म्हणून बांडी शेळीला कोंडवाड्यात टाकलं. तिचं करडू अजून अंगावर पीत होतं.

बांडी आत असतानाही जोंधळा दरवर्षी फस्त होतच राहिला. तो रानडुक्कर खातंय, हे पंचांच्या ध्यानात यायला सात वर्षं लागली. बांडी सुटली तेव्हा करडाला दाढी आली होती आणि त्यानं आईला ओळखलं नाही.

पंचांनी भरपाई ठरवली, वर्षाला एक याप्रमाणे ओल्या चाऱ्याच्या सात पेंढ्या. कारकून साळिंदरानं आपल्याच पाठीचा काटा उपटून ठराव लिहिला आणि बांडीपुढे एकच पेंढी टाकली.

"बाकीच्या सहा?" बांडीनं विचारलं.

"आत सात वर्षं वैरण खाल्लीस ना? तिच्यापोटी वळत्या केल्या."

"ती तर आत सगळ्यांनाच फुकट मिळते."

साळिंदरानं मान वर न करताच सांगितलं, "गुन्हेगारांना फुकट असते, बाई. तू निर्दोष निघालीस."