ताडपत्रीखालचे साहेब

किरगिझस्तानातल्या एका गावात एक भोळा गडी होता. कुबात त्याचं नाव. अंगात बैलाची ताकद, आणि डोकं देवानं नंतर देतो म्हणून सांगितलेलं.

देश तरी केवढा? चिमूटभर. जिकडे बघावं तिकडे डोंगर, आणि समुद्र बघायचा तर दुसऱ्यांचे देश तुडवत जायचं. पूर्वी मॉस्कोहून हुकूम यायचे. मग स्वातंत्र्य आलं, आता इथली पोरं मॉस्कोला जातात, फरशा पुसायला. कुबातची आई जानिल, तिचे दोघे थोरले असेच गेले ते फोनपुरते उरले. धाकटा तरी डोळ्यांसमोर राहावा म्हणून तिनं सरपंच तुर्गुनच्या हातापाया पडून त्याला चौकाच्या राखणीवर चिकटवलं होतं.

चौकात जुन्या राज्यातल्या पुढाऱ्याचा पुतळा होता. तो काढ, असं सरपंचानं सांगितलं. कुबातनं हातोडा घातला, नाक उडालं.

सरपंच धावत आला. "अरे गाढवा, उद्या वारं फिरलं तर? मोठ्या माणसाला मानानं कचेरीमागे न्यायचं, तोंड भिंतीकडे करायचं, वर ताडपत्री घालायची."

बरं, म्हणाला कुबात.

पुढच्या आठवड्यात नव्या वीराचा पुतळा आला, घोड्यासकट. कुबातनं तो मानानं कचेरीमागे नेला, घोड्याचं तोंड भिंतीकडे केलं, ताडपत्री घातली. सरपंचानं कपाळ बडवलं. नवं काही आलं की चौथऱ्यावर चढवायचं आणि हार घालायचा, एवढं कळत नाही का, म्हणाला.

बरं, म्हणाला कुबात.

मग गावाला ट्रॅक्टर मिळाला, नवाकोरा. नांगरणीचे दिवस. कुबातनं फळ्या लावून तो घोड्याशेजारी चौथऱ्यावर चढवला आणि हार घातला. गाव दोन दिवस ट्रॅक्टर शोधत होतं, जाता-येता त्यालाच नमस्कार करून.

सरपंचाचा संयम संपला. "आधी विचारायचं, हे काम करतं का? करत असेल तर कामाला लावायचं. नसेल करत तर मागे! आता एक चूक कर, की उद्याच्या बसनं मॉस्को."

त्या रात्री जानिलनं कुबातला बजावलं, काही कळलं नाही तर आधी मला विचार.

आठवड्यानं जिल्ह्याचे साहेब आले. चौथऱ्यावर चढले, गळ्यात हार, समोर माईक. गावाला ताकीद होती, काहीही झालं तरी टाळ्या थांबता कामा नयेत. साहेब नदीवरच्या पुलाबद्दल बोलत सुटले. कुबात आईच्या कानाशी लागला.

"आई, हे काम करतात का?"

"कसलं काम! पाच वर्षं पूल बांधतायत, नदीत एक धोंडा नाही पडला."

कुबात उठला. साहेबांना खांद्यावर घेतलं, मानानं. कचेरीमागे नेऊन बिननाकाच्या शेजारी उभं केलं, तोंड भिंतीकडे केलं, ताडपत्री घालून दोरी आवळली. गावानं टाळ्या वाजवल्या. ताकीदच होती.

सरपंचाला घेरी आली. जानिल रडत रडत मुलाचं गाठोडं बांधायला लागली. तेवढ्यात रेडिओ बोलला, राजधानीत सरकार पडलं. हे तिथं अधूनमधून होतंच. पण गावाची भीती एका दमात गेली. आपल्या कुबातनं राजधानीच्या आधी सरकार पाडलं, असं जो तो म्हणायला लागला. नवे साहेब हेच! लोकांनी त्याला उचलून चौथऱ्यावर चढवलं. घेरीतून उठून पहिला हार घातला तो सरपंचानं.

जानिलनं गाठोडं सोडलं. तिचा मुलगा साहेब झाला होता. आता कुठली बस न् कुठलं मॉस्को! तिनं दोन्ही हातांनी त्याची दृष्ट काढली.

कुबात वरून वाकला.

"आई, मी काम करतो का?"

जानिल जन्मात खोटं बोलली नव्हती. "कुठलं रे बाळा," ती लाडानं म्हणाली.

कुबात उतरला. कोणी अडवायच्या आत कचेरीमागे गेला, दोरी सैल केली, तोंड भिंतीकडे केलं आणि ताडपत्री अंगावर ओढून घेतली.

"साहेब," तो म्हणाला, "जरा सरका."