मथूच्या मुठीतला शंख

खारं खारं पाणी होतं. पाण्यावर एक गलबत होतं. गलबतात नारळ होते. नारळांच्या राशीजवळ मथू होती नि मथूची आई होती.

मथू एवढीशी. दोन दात वर, दोन दात खाली. तिचे बाबा दूरच्या बंदरात कामाला. मायलेकी निघाल्या होत्या बाबांकडे. वाटेत सगळा दर्याच दर्या. मग निजायचं कुठं? आई निजायची फळीवर. मथूसाठी घरून झोळी आणली होती. आईच्या जुन्या लुगड्याची, मऊ मऊ.

गलबताचा वडीलधारा सुलेमान तांडेल. तो म्हणेल तिकडे गलबत जायचं. त्याच्या हाताखाली धाकू खलाशी. धाकू शीड चढवायचा, दोर ओढायचा, वर भातही शिजवायचा.

आणखी एक जण होता बरं का गलबतात. तो कुणाला ठाऊकच नव्हता. शंखात राहणारा खेकडा. बोटाच्या पेराएवढा. पुढून कडक, मागून मऊ. मऊ पोट शंखात ठेवायचं नि घर पाठीवर घेऊन हिंडायचं. झोप आली की आत शिरायचं. नांग्या दाराशी लावायच्या. झालं.

एका संध्याकाळी काय झालं, खेकड्याच्या शंखात खडा गेला. टोच टोच टोचायला लागला. खेकडा बाहेर आला. शंख उलटा केला. टिक्. पडला खडा.

तेवढ्यात झोळीतून एक हात खाली आला. गुबगुबीत हात. हाताने शंख उचलला. मूठ मिटली. गेला शंख.

हात कुणाचा? मथूचा.

खेकड्याचं पोट उघडं पडलं. गार वारा लागला. वर बघतो तर आभाळात घार. गोल गोल फिरते. खाली खाली बघते.

खेकडा निघाला. खुडुखुडु, खुडुखुडु. झोळीखाली आला.

"मथूबाय, मथूबाय, माझा शंख दे.
शंख मिळेल, पोट झाकेल,
मग मी निजेन."

मथू म्हणाली, "नाय."

"का गं नाय?"

"झोप नाय. आधी झोप. मग शंख."

बरोबरच आहे. निजलेल्या बाळाची मूठ आपोआप उघडते. जागं बाळ काही सोडत नाही. पण मथू निजेल कशी? झोळी तिला गचके देत होती. एकदा डोकं वर, पाय खाली. एकदा पाय वर, डोकं खाली.

खेकडा म्हणाला, "बरं. सांगितलंस ते बरं केलंस."

खुडुखुडु, खुडुखुडु. खेकडा झोळीच्या टोकाशी गेला.

"झोळीताई, झोळीताई, हळू डोल.
झोळी डोलेल, मथू निजेल,
मथू निजेल, मूठ उघडेल,
शंख मिळेल, पोट झाकेल,
मग मी निजेन."

झोळी म्हणाली, "मी कशी डोलू? मला बांधलंय आडवी. या कडेपासून त्या कडेला. गलबत कलंडलं की माझं एक टोक वर, एक टोक खाली. मला लांबीत बांधा. डोलकाठीपासून मागच्या खांबाला. मग बघ कशी डोलते. आईला सांग जा."

"बरं. सांगितलंस ते बरं केलंस."

खुडुखुडु, खुडुखुडु. खेकडा आईच्या पायाशी गेला.

"आई गं आई, झोळी बांध.
आई बांधेल, झोळी डोलेल,
झोळी डोलेल, मथू निजेल,
मथू निजेल, मूठ उघडेल,
शंख मिळेल, पोट झाकेल,
मग मी निजेन."

आई म्हणाली, "अगं बाई. तू कोण उघडाबोडका? घरी बांधते तशीच बांधली की मी झोळी. घर काही डोलत नाही रे, मला काय माहीत? आता लांबीत बांधायची तर माझी दोरी पुरत नाही. धाकूभाऊजींकडे लांब दोरी आहे. त्यांनी दिली तर बांधते."

"बरं. सांगितलंस ते बरं केलंस."

खुडुखुडु, खुडुखुडु. खेकडा धाकूकडे गेला. धाकू भात ढवळत होता.

"धाकूदादा, धाकूदादा, दोरी दे.
धाकू दोरी देईल, आई बांधेल,
आई बांधेल, झोळी डोलेल,
झोळी डोलेल, मथू निजेल,
मथू निजेल, मूठ उघडेल,
शंख मिळेल, पोट झाकेल,
मग मी निजेन."

धाकू म्हणाला, "माझ्या भातात पडू नको म्हणजे झालं. दोरी आहे, पण शिडाला बांधलीय. शीड उतरलं की दोरी मोकळी. नांगर पडला की तांडेल शीड उतरवायला सांगतो. मी उतरवलं तर माझे कान उपटील. त्याला विचार."

"बरं. सांगितलंस ते बरं केलंस."

खुडुखुडु, खुडुखुडु. खेकडा सुकाणूपाशी गेला. तिथं सुलेमान तांडेल बसला होता. पांढरी दाढी, गुडघ्यावर हात.

"तांडेलचाचा, तांडेलचाचा, नांगर टाक.
तांडेल नांगर टाकेल, धाकू दोरी देईल,
धाकू दोरी देईल, आई बांधेल,
आई बांधेल, झोळी डोलेल,
झोळी डोलेल, मथू निजेल,
मथू निजेल, मूठ उघडेल,
शंख मिळेल, पोट झाकेल,
मग मी निजेन."

तांडेल म्हणाला, "बेटा, नांगर टाकायचा तो खाडीत. आत, शांत पाण्यात. खाडीच्या तोंडाशी बघ, वाळू वर आलीय. आता शिरलो तर गलबत बसेल वाळूत नि आपण बसू बोंबलत. भरती चढू दे. मग शिरतो, मग टाकतो."

"बरं. सांगितलंस ते बरं केलंस."

खुडुखुडु, खुडुखुडु. खेकडा गलबताच्या कडेवर चढला. खाली वाकला. घार आणखी खाली आली होती. खेकड्याला तिचे डोळे दिसले. पिवळे पिवळे.

"भरतीमाय, भरतीमाय, वर चढ.
भरती चढेल, तांडेल नांगर टाकेल,
तांडेल नांगर टाकेल, धाकू दोरी देईल,
धाकू दोरी देईल, आई बांधेल,
आई बांधेल, झोळी डोलेल,
झोळी डोलेल, मथू निजेल,
मथू निजेल, मूठ उघडेल,
शंख मिळेल, पोट झाकेल,
मग मी निजेन."

चुबुक चुबुक, पाणी बोललं. "मी अशी कशी चढू बाळा? चांदोबा उगवतो, मला हाक मारतो, मग मी चढते. आज अजून आला नाही. बसला असेल डोंगरामागे."

"बरं. सांगितलंस ते बरं केलंस."

आता चांदोबाकडे जायचं कसं? खेकडा डोलकाठीवर चढायला लागला. चढतो, घसरतो. चढतो, घसरतो. पोट उघडं, वारा गार. सूंऽऽ, घार आली. खेकडा डोलकाठीच्या चिरेत शिरला. सूंऽऽ, घार गेली. खेकडा पुन्हा चढला.

पोचला टोकावर. तिथून दिसला डोंगर. डोंगरामागे दिसलं चांदोबाचं डोकं. नुसतं डोकं.

"चांदोबा, चांदोबा, लवकर उगव.
चांदोबा उगवेल, भरती चढेल,
भरती चढेल, तांडेल नांगर टाकेल,
तांडेल नांगर टाकेल, धाकू दोरी देईल,
धाकू दोरी देईल, आई बांधेल,
आई बांधेल, झोळी डोलेल,
झोळी डोलेल, मथू निजेल,
मथू निजेल, मूठ उघडेल,
शंख मिळेल, पोट झाकेल,
मग मी निजेन."

आणि श्वास न घेता पुढचंही म्हणून टाकलं. "बरं. सांगितलंस ते बरं केलंस."

चांदोबा म्हणाला, "अरे, मी अजून काही सांगितलंच नाही."

खेकडा म्हणाला, "सगळे 'नाही'च सांगतात. म्हटलं, आधीच म्हणून ठेवावं."

चांदोबाला आलं हसू. गालात हसला, पोटात हसला, हसता हसता हलला. हलता हलता डोंगरावर आला. अख्खा. गोल. पिवळाधमक.

उगवला चांदोबा.

मग काय विचारता.

चांदोबाने हाक मारली. भरती चढली. चुबुक चुबुक, चुबुक चुबुक. वाळू बुडाली.

भरती चढली, तांडेलने सुकाणू फिरवलं. गलबत खाडीत शिरलं. नांगर पडला. डुबुक.

नांगर पडला, तांडेल म्हणाला, "धाकू, उतरव शीड." शीड उतरलं. सुर्रर्र. खेकडा डोलकाठीवरून सरकून बसला होता शिडाच्या टोकावर. तोही आला खाली. सुर्रर्र.

शीड उतरलं, दोरी सुटली. धाकूने आईला दिली. म्हणाला, "घ्या वैनी. चुलीजवळून एक पाहुणा येऊन गेला. तुमचा निरोप सांगत होता."

दोरी मिळाली, आईने मथूला कडेवर घेतलं. झोळी सोडली. डोलकाठीपासून मागच्या खांबाला बांधली. गाठ ओढून बघितली. पुन्हा ओढून बघितली. मथूला आत ठेवलं.

झोळी डोलली. झुईंऽ इकडे, झुईंऽ तिकडे. गचका नाही, धक्का नाही. झोका द्यायला आई नको, मावशी नको. गलबत हले, झोळी डोले.

पण मथू निजते का? एक डोळा मिटला. दुसरा उघडाच. मूठ घट्ट.

घार येऊन डोलकाठीवर बसली. तिला खाली झोळीजवळ दिसलं काहीतरी मऊ, गुलाबी. खेकड्याचं पोट.

झुईंऽ इकडे.

झुईंऽ तिकडे.

दुसरा डोळा मिटला. करंगळी सुटली. तिच्या शेजारचं बोट सुटलं. मधलं सुटलं. मग सगळी मूठच उघडली, फुलासारखी.

शंख पडला फळीवर. टक्. गडगड गडगड.

घार झेपावली. सूंऽऽ.

खेकडा मागे सरकला. मागे, मागे, आणखी मागे. पोट आत. पाय आत. नांग्या दाराशी.

घार खाली आली. बघते तर काय? नुसता शंख. चोच आपटली. टक् टक्. शंख कसला फुटतोय. घार गेली उडून आपल्या झाडावर.

सगळं गप्प झालं. मग शंखातून बारीक आवाज आला.

"मथूबाय, बरं केलंस.
झोळीताई, बरं केलंस.
आई गं आई, बरं केलंस.
धाकूदादा, बरं केलंस.
तांडेलचाचा, बरं केलंस.
भरतीमाय, बरं केलंस.
चांदोबा, तू हसलास ते फार बरं केलंस."

तांडेल म्हणाला, "एवढुसा जीव, पण रीत बघा." आणि त्याने दाढीवरून हात फिरवला.

आईने शंख अलगद उचलला. म्हणाली, "गलबत हलतं रे बाबा. असाच ठेवला तर रात्रभर गडगडशील." तिने पदराच्या चिंधीची एक चुंबळ वळली. डोक्यावर हंडा ठेवायला करतात ना, तशी. पण बोटाएवढी. चुंबळीत शंख ठेवला. चुंबळ ठेवली झोळीखाली.

वर मथू, खाली खेकडा. दोघांना एकच झोका.

शंखात खेकडा, झोळीत मथू,
गोष्टही निजली, आता तू.