वेस्त्या कायदा शिकतो

सातपुड्यात, जिथं जीपसुद्धा अर्ध्या चढावर नांगी टाकते, अशा एका पाड्यावर वेस्त्या नावाचा एक भोळा पोरगा होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. पंचाईत तीच होती.

एकदा तालुक्याहून वकीलबाई आल्या. मोहाच्या झाडाखाली तरण्या पोरापोरींना कायदा शिकवू लागल्या. म्हणाल्या, "गुन्हा घडला तर तिथं कशालाही हात लावायचा नाही. पोलीस येईपर्यंत सगळं जसंच्या तसं."

वेस्त्या घरी आला. बोकडाच्या दाव्यात पाय अडकून आई अंगणात आडवी झाली होती. वेस्त्यानं चुलीतली राख आणली आणि आईभोवती गोल आखला.

"मेल्या, उचल की मला!"

"हलू नको आये. पोलीस येतील."

पोलीस कशाला येतात? शेवटी शेजारणींनीच उचललं.

बाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, माणूस पडलेलं दिसलं तर आधी उचलायचं! दवाखान्यात न्यायचं!"

"बरं बाई."

दुसऱ्या दिवशी रुमल्याकाका जेवून झाडाखाली घोरत पडला होता. वेस्त्यानं त्याला खांद्यावर टाकलं आणि डोंगर ओलांडून दवाखान्यात नेलं. काकाला जाग आली ती सुई टोचल्यावर.

"अरे, आधी विचारावं!" बाई म्हणाल्या. "समोरच्याची मर्जी नसेल तर अंगाला हात लावायचा नाही. कायदाच आहे तसा."

"बरं बाई."

मग एका भरदुपारी कुणी परका माणूस अंगणातून बोकड सोडून नेऊ लागला. वेस्त्या धावत त्याला आडवा गेला.

"दादा, तुला धरू का?"

"नको."

"बरं."

गेला की हो बोकड! काळ्या त्याचं नाव. आईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. तिला रडताना पाहून वेस्त्यालाही रडू फुटलं.

बाई भडकल्या. "चोराला कुणी विचारतं का? आपलं जनावर परक्याच्या हातात दिसलं की बोंब मारायची, माणसं जमवायची, धरून ठेवायचं! मारायचं मात्र नाही. गुन्हा सिद्ध होईपर्यंत तोही निर्दोषच. त्यालाही फुकट वकील मिळतो." मग आईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "रडू नका. शनिवारी न्यायाधीशसाहेब स्वतः पाड्यावर येणार आहेत. काळ्याचं गाऱ्हाणं त्यांच्यापुढं मांडू."

शनिवारी साहेबांच्या जीपनं रीतीप्रमाणे नांगी टाकली. साहेब पायी निघाले. वाटेत झुडपात एक काळा बोकड अडकून ओरडत होता. चोराच्या हातून निसटला असावा. साहेब दयाळू. त्यांनी त्याला सोडवलं आणि दावं धरून चढ चढू लागले.

पाड्याच्या तोंडाशी वेस्त्या बसला होता. त्यानं काळ्या पाहिला. दावं धरणारा परका माणूस पाहिला. या वेळी त्यानं काही विचारलं नाही.

"चोर! चोर!"

अख्खा पाडा धावला. साहेबांना मोहाच्या झाडाला बांधलं, तेही काळ्याच्याच दाव्यानं.

"अरे, मी न्यायाधीश आहे!"

"असाल की," वेस्त्या मायेनं म्हणाला. "सिद्ध होईपर्यंत तुम्ही निर्दोषच आहात. घाबरू नका. वकीलही फुकट आहे, आणतो."

आणि तो बाईंना घेऊन आला. झाडाकडे पाहताच बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"वेस्त्या! हेच न्यायाधीशसाहेब! काळ्याचा खटला यांच्याचपुढं चालायचा होता!"

वेस्त्याचा चेहरा उजळला.

"मग बरंच झालं की बाई! चोर आला, न्यायाधीश आला, बोकडही आला. आता तारीख पडायची नाही!"