कुंदाचा टपोरा मणी

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत एक इवलीशी झोपडी होती. तिथे कुंदा उदास बसली होती. आई मामाच्या गावी तापाने पडलेली, तिला घास जात नव्हता. "फक्त द्राक्षं खावीशी वाटतात," असा निरोप आला होता. बाबा गाडी जुंपून तिला आणायला गेले, सोबतीला यमूआत्या राहिली. पण घरामागच्या बागेतली द्राक्षं तर केव्हाच उतरवून झाली होती!

तरी कुंदा बागेत गेली. पानांआड काहीतरी चमचमलं. अंगठ्याएवढी परी! वेलीवर राहून गेलेल्या एका फुटक्या द्राक्षाच्या चिकट रसात तिचे सोनेरी पंख अडकले होते. कुंदाने पाण्याच्या थेंबांनी ते अलगद सोडवले.

"गुणाची गं बाई!" परी म्हणाली आणि तिने एक पोपटी घोस कुंदाच्या ओंजळीत ठेवला. "आई आली की यातला सगळ्यांत टपोरा मणी तिला भरव नि इच्छा माग. पण तोवर जपायचं हं!
धुऊ नको, कोंडू नको,
नासका मणी ठेवू नको!"

कुंदाने घोस परडीत घालून गार कोपऱ्यात ठेवला. आत्या आलीच तांब्या घेऊन. "अगंबाई, केवढी ही पांढरी धूळ! धुऊन लख्ख करते."

"नको गं आत्या! ते मण्यांचं पांघरूण आहे, त्यानेच ते ताजे राहतात!" कुंदा परडीला बिलगली आणि तिने आत्याला परीचं सगळं सांगितलं. रोज सकाळी ती एकेक मणी न्याहाळायची.

आई यायच्या दिवशी मात्र ती न्याहाळता न्याहाळता थांबली. टपोरा मणीच देठापाशी मऊ पडला होता. पाणी सुटलेलं, वास आंबूस.

"पुसून भरव," आत्या म्हणाली. "इच्छा तरी फळेल."

आई बरी व्हावी, हीच तर इच्छा होती! कुंदाला रडू कोसळलं. "आजारी आईला नासकं कसं भरवू? आणि ठेवला तर सगळा घोस जाईल." तिने मणी काढून अंगणातल्या मातीत टाकला.

संध्याकाळी गाडी आली. आईने एक रसाळ मणी खाल्ला, मग दुसरा, मग तिसरा. तिचे गाल गुलाबी झाले. "कुंदे, भाकरी आहे का गं? भूक लागलीय मला!"

कुंदा आनंदाने ओरडलीच. तेवढ्यात अंगणात सळसळ झाली. मातीतून वेल निघाला, सरसर छपरावर चढला, घोसांनी लगडला! वर परी झुलत होती. "नासक्या मण्यातलं बीसुद्धा रुजतं बरं का, बाळा!" ती हसली आणि सोनेरी उजेडात विरघळून गेली.

आता आजाऱ्याला द्राक्षं हवी असली की सारा गाव कुंदाच्या दारी येतो. आणि दारातून आत्याच ओरडते, "घरी नेऊन लगेच धुऊ नका गं!"