मुंगीचा घास मुंगीला

एक होती मुंगी. काळी, बारकी, टिंबाएवढी. म्हणून तिचं नाव ठिपकी. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला एक फट होती. ठिपकी तिथे राहायची.

त्याच घरात राहायची जुई. जुई अजून बोबडं बोलायची. तिला दात किती? हसली की मोजा.

रोज दुपारी आई जुईला भरवायची. गुरगुट्या भात, वर तुपाची धार. आई म्हणायची,

"हा घास माऊचा. हा घास भूभूचा. हा घास मुंगीचा."

फटीत बसून ठिपकी ते ऐकायची. मुंगीचा घास म्हणजे आपलाच की! मग ती निघायची. तुरुतुरु, तुरुतुरु. फरशी ओलांडायची, चटईची किनार चढायची, पाटाला वळसा घालायची. पोचेपर्यंत घास कुठे? जुईच्या पोटात. गट्टम.

रोज तेच. नाव मुंगीचं, आणि खाणार जुई. तुम्हीच सांगा, राग येईल की नाही? ठिपकीच्या तर नाकावरच राग. मुंगीला नाक असतं का, ते मला विचारू नका. राग होता, म्हणजे नाकही असणार.

एक दिवस ठिपकी लवकर निघाली. तुरुतुरु गेली आणि वाटीशेजारी बसून राहिली. आई म्हणाली, "हा घास मुंगीचा." ठिपकीने आ केला.

पण जुईने काय केलं? ओठ मिटले गच्च. मान फिरवली इकडे. मान फिरवली तिकडे. आईने घास परत वाटीत ठेवला. झालं! घास जुईलाही नाही आणि मुंगीलाही नाही.

ठिपकी म्हणाली, "आई, आई, घास देशील का?"

आई म्हणाली, "मी नाही देणार. आधी जुईला तोंड उघडू दे."

ठिपकी गेली जुईकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"आई घास देईना,
मुंगीचा घास मुंगीला मिळेना.
जुई, जुई, तोंड उघडशील का?"

जुई म्हणाली, "मी नाय उघडनाल. आधी दुपतं येऊ दे."

दुपतं म्हणजे दुपटं बरं का. आईच्या जुन्या साडीचं, मऊ मऊ. त्याचं टोक मुठीत असल्याशिवाय जुई जेवायची नाही, झोपायची नाही, काही म्हणजे काही करायची नाही. सकाळी त्यावर दूध सांडलं. आईने ते धुतलं आणि खोलीतल्या स्टँडवर वाळत घातलं.

ठिपकी गेली दुपट्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. दुपट्यातून पाणी गळत होतं. टप टप, टप टप. एक थेंब ठिपकीच्या डोक्यावर पडता पडता राहिला.

"जुई तोंड उघडेना,
आई घास देईना,
मुंगीचा घास मुंगीला मिळेना.
दुपट्या, दुपट्या, वाळशील का?"

दुपटं म्हणालं, "मी नाही वाळणार. आधी ऊन येऊ दे."

ठिपकी गेली उन्हाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. ऊन गॅलरीत उभं होतं. दाराबाहेर, एकटंच.

"दुपटं वाळेना,
जुई तोंड उघडेना,
आई घास देईना,
मुंगीचा घास मुंगीला मिळेना.
उन्हा, उन्हा, आत येशील का?"

ऊन म्हणालं, "मी नाही येणार. आधी चादर हलू दे."

खरंच की. दारात चादर होती. सोलापुरी, जाडजूड, मोराच्या नक्षीची. एक टोक दाराच्या कडीला बांधलेलं, एक टोक खुर्चीला. तिचा झाला होता तंबू.

ठिपकी गेली चादरीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ऊन येईना,
दुपटं वाळेना,
जुई तोंड उघडेना,
आई घास देईना,
मुंगीचा घास मुंगीला मिळेना.
चादरी, चादरी, हलशील का?"

चादर म्हणाली, "मी नाही हलणार. आधी दादाला उठू दे."

दादा कोण? जुईचा दादा. तंबूत बसला होता, गुडघ्यांवर हनुवटी टेकून. पुढ्यात ताट. ताटातल्या वरणात बोटाने रस्ता काढलेला. भात थंडगार, आणि एक घाससुद्धा खाल्लेला नाही.

ठिपकी गेली दादाकडे. आता मात्र हळूहळू गेली. तुरु... तुरु...

"चादर हलेना,
ऊन येईना,
दुपटं वाळेना,
जुई तोंड उघडेना,
आई घास देईना,
मुंगीचा घास मुंगीला मिळेना.
दादा, दादा, उठशील का?"

दादा म्हणाला, "मी नाही उठणार. आई मला कुठे भरवते?"

मग दादाने सगळं सांगितलं. माऊचा घास असतो. भूभूचा घास असतो. मुंगीचासुद्धा असतो. दादाचा घास कधीच नसतो. दादाने आपल्या हाताने जेवायचं, न सांडता जेवायचं, आणि वर लवकर जेवायचं.

ठिपकीचा राग नाकावरून घसरला. तिला वाटलं होतं, या घरात आपण एकटेच उपाशी. इथे तर हा एवढा मोठा मुलगा उपाशी बसलाय!

ठिपकी परत निघाली आईकडे. तंबूतून बाहेर, स्टँडखालून, पाटाला वळसा. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु. धाप लागली बिचारीला. तरी तिने आईलाच आईचं गाऱ्हाणं सांगितलं.

"दादा उठेना,
चादर हलेना,
ऊन येईना,
दुपटं वाळेना,
जुई तोंड उघडेना,
आई घास देईना,
मुंगीचा घास मुंगीला मिळेना.
आई, आई, दादाला भरवशील का?"

आईचं अर्धं लक्ष जुईकडे, अर्धं कुकरच्या शिट्टीकडे. ती म्हणाली, "दादा मोठा आहे. त्याचा तो जेवतो. आधी जुईला तोंड उघडू दे."

आता आली का पंचाईत? दादा अडला आईवाचून. आई अडली जुईवाचून. जुई अडली दुपट्यावाचून. फिरून फिरून सगळे तिथेच. ठिपकी मटकन खाली बसली. आता जायचं तरी कुणाकडे?

समोर होतं आईचं पाऊल. ठिपकीने पावलाकडे बघितलं. पुन्हा बघितलं.

काळी मुंगी चावत नाही. काळी मुंगी काय करते, माहीत आहे?

ठिपकी चढली आईच्या अंगठ्यावर. तिथून करंगळीवर. तिथून शिरली तळपायाच्या खळग्यात, आणि तिथे लागली नाचायला. गुदगुद, गुदगुद, गुदगुद.

आई हसली. खुदकन हसली. सकाळपासून धुणं झालं, भांडी झाली, जुईच्या मागे पळून झालं. हसायचं तेवढं राहिलं होतं. हसत हसत आईने खाली बघितलं, तर ही एवढीशी मुंगी.

ठिपकी पायावरून उतरली आणि चालू लागली. थोडी गेली, थांबली. थोडी गेली, थांबली. ही बाई कुठे निघालीय, ते बघावंसंच वाटलं आईला. तिने जुईला घेतलं कडेवर, वाटी घेतली हातात, आणि निघाली मुंगीच्या मागे.

ठिपकी शिरली चादरीखाली. आईने चादरीची कड उचलली.

आत दादा. पुढ्यात ताट. वरणातला रस्ता सुकून गेलेला.

आईने ताटाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "गुंडू."

जुई घरात आली नव्हती ना, तेव्हा आई त्याला गुंडू म्हणायची. जुई आली आणि सगळे त्याला दादा म्हणायला लागले. आईसुद्धा. किती दिवसांनी ऐकलं त्याने! दादाने गुडघ्यांवरून हनुवटी उचलली.

आई वाकून आत शिरली. तंबू लहान, आई मोठी. बांगड्या वाजल्या किणकिण. जुई बसली एका मांडीवर, दादा टेकला दुसऱ्या मांडीला. आईने वाटीतला मऊ भात घेतला, तूप लागलेला.

"हा घास माझ्या गुंडूचा."

दादाने आ केला. हा एवढा मोठा. गट्टम.

आणि मग?

दादा उठला.
चादर हलली, सर्रर्र.
ऊन आलं, झपकन.
दुपटं वाळलं, फडफड फडफड.
जुईने त्याचं टोक मुठीत धरलं,
आणि जुईने तोंड उघडलं.

आईने भरवायला घेतलं. "हा घास माऊचा." गट्टम. "हा घास भूभूचा." गट्टम. "हा घास गुंडूचा." गट्टम. "हा घास मुंगीचा."

जुईने आ केला. ठिपकी खालून बघत होती. आता काय होणार, तिला ठाऊक होतं. रोजचंच होतं ते.

पण दादा म्हणाला, "थांब आई. मुंगीचा घास मुंगीला."

दादाने घासातलं एक शीत काढलं. पांढरं, मऊ, तुपाने चकचकीत. वाकून ते फरशीवर ठेवलं, ठिपकीच्या अगदी पुढ्यात. जुईने बघितलं. मग तिनेही एक शीत ठेवलं. तिचं जरा चेंगरलं होतं.

ठिपकीने दादाचं शीत खाल्लं. जुईचं शीत डोक्यावर घेतलं आणि उंबऱ्याच्या फटीत नेलं, संध्याकाळसाठी. शीत केवढं आणि ठिपकी केवढी! लांबून बघणाऱ्याला वाटलं, भाताचं शीतच चाललंय घरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

माऊ जेवली, भूभू जेवला, मुंगी जेवली, गुंडू जेवला, जुई जेवली. वाटी झाली चाटूनपुसून लख्ख.

नाही, थांबा. एक घास उरलाय. हा घास गोष्ट ऐकणाऱ्याचा. करा बघू आ!