मोकळा उतार

“मग सही कधी करताय?”

शार्दूल बर्वेनं तिसऱ्यांदा विचारलं. सुभेदार मांढरे स्कीच्या तळाला मेण घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कागद चुलीजवळच्या टेबलावर पडला होता आणि त्यावर तेलाचा डाग पडू नये म्हणून माझी आपली धडपड चालली होती. मी सुभेदारांचा जुना लान्सनायक. पेन्शनीत निघाल्यावर साताऱ्याकडं परत जायचं सोडून हा माणूस गढवालात पोरांना बर्फावर घसरायला शिकवत बसला, आणि मीही शहाणा, त्यांच्यामागं आलो. इथला स्वयंपाक माझ्याकडं आहे आणि वैतागायचं कामही माझ्याचकडं.

कागदावर मागणी एकच होती. मोठ्या धारेची, म्हणजे इथल्या सगळ्यात लांब उताराची, डावी बाजू, देवदारांच्या कडेकडेनं उतरते ती, फक्त कार्व्हिंग करणाऱ्या स्नोबोर्डवाल्यांसाठी राखून ठेवावी. तिथं दुसऱ्या कुणी येऊ नये. आणि त्या उताराला सलील गुप्तेचं नाव द्यावं.

सलील तिथंच गेला. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत. चोवीस वर्षांचा होता.

खाली पंचेचाळीस सह्या होत्या. पहिली सही सलीलच्या आईची. उतार चालवणारी समिती गावातली, आणि सुभेदारांची सही नसली तर ती असला कागद उघडूनही बघत नाही. म्हणून शार्दूल पुण्याहून एवढ्या लांब आला होता.

शार्दूल आणि सलील, दोघंही सुभेदारांचेच चेले. सहा वर्षांपूर्वी जोडीनं आले, एका खोलीत राहिले, माझ्या हातचं पिठलं चाटूनपुसून खाल्लं. दोन हिवाळे स्की शिकले आणि मग बोर्डच्या नादाला लागले. सलील गुणी होता. जेवण झालं की चार जणांची ताटं उचलून ठेवायचा. शार्दूल हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक.

आता तो सुभेदारांनाच शिकवत होता. कार्व्हिंग म्हणजे बोर्ड आडवा घासत आणायचा नाही, तो कडेवर उभा करायचा. अंग बर्फाला टेकेपर्यंत कलायचं. मागं उरते ती सुरीनं कापल्यासारखी बारीक रेघ. वळण इतकं मोठं असतं की उताराची सगळी रुंदी लागते. स्कीवाला वरनं सरळ येतो. त्याला वाटतं, हा गेला तिकडं, आणि हा वळून नेमका त्याच्या पुढ्यात येतो. एका वळणात बोर्डवाल्याची पाठ डोंगराकडं होते, मागनं कोण येतंय ते त्याला दिसत नाही.

“सलीललाही दिसलं नाही,” तो म्हणाला. “वरून कुणीतरी स्कीवाला आला, धडकला आणि निघून गेला. तो उतार फक्त आमचा असता, तर सलील आज असता.”

सुभेदार मेण घासत राहिले.

मग शार्दूलचा तोल सुटला. तुम्ही जन्मभर स्कीच केलंत, बोर्डवाल्यांचं दुखणं तुम्हाला काय कळणार, असं तो बोलून गेला. मी मनात म्हटलं, ज्याच्याकडून बर्फावर उभं राहायला शिकलास त्याच्याशी हे बोलणं? माझ्या हातात उलथनं होतं, त्यानं मी भाकरीच उलटली.

“व्हय,” सुभेदार म्हणाले. “मला बोर्डचं काय कळत न्हाई.”

मग त्यांनी मेण बाजूला ठेवलं. “उद्या सकाळी मोठी धार बंद ठेवतो. शाळा न्हाई, पाहुणं न्हाईत. तू एकटा ये खाली. केवढी जागा लागती तुला, ते मला बघू दे.”

शार्दूलला वाटलं, काम झालं. त्या दिवशी तो दोन वाढी भात जास्त जेवला.

सकाळी सात वाजता बर्फ कडक होता. सुभेदारांनी उतार आदल्या दिवशीच दाबून, सारवलेल्या अंगणासारखा साफ करून ठेवला होता. खालच्या टोकाला दोरी बांधली आणि मला राखणीला उभं केलं. कोण येणार होतं त्या थंडीत? एक कुत्रं आलं, त्याला हाकललं.

वर शार्दूल ठिपक्याएवढा दिसत होता. सुभेदार माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

तो निघाला. खोटं कशाला बोलू, बघत राहावं असंच होतं ते. या कडेपासून त्या कडेपर्यंत अख्खा उतार वापरत, प्रत्येक वळणाला हात बर्फावर टेकत तो येत होता आणि आवाज म्हणून नव्हता. सलीलही असाच यायचा. मला भरून आलं. वाटलं, द्यावा की यांना हा तुकडा, आपलं काय जातंय?

आणि देवदारांच्या वळणाशी त्याचा बोर्ड एकदम आडवा झाला.

बर्फ उडाला. खरवडल्याचा आवाज खाली आमच्यापर्यंत आला. तो तिथं तसाच थांबून राहिला, बराच वेळ. उरलेला उतार मग तो घसरत घसरत, नवशिके येतात तसा उतरला.

खाली आल्यावर त्यानं गॉगल काढला नाही. तिथं बर्फ खराब होता, म्हणाला.

सुभेदारांनी त्याला बोर्ड सोडायला सांगितलं आणि चालत वर घेऊन निघाले. मीही मागोमाग गेलो. गुडघे बोंबलत होते, पण मला राहवेना.

सलील पडला होता ती हीच जागा. वरनं येणारी रेघ बारीक, स्वच्छ होती. इथं मात्र बोर्डच्या लांबीएवढा बर्फ खरवडून निघालेला. सुभेदारांनी वाकून हातमोजा काढला, बर्फावर तळवा फिरवला आणि शार्दूललाही फिरवायला लावला. बर्फ गुळगुळीत होता. खडा नाही, खड्डा नाही.

“उतार मोकळा हुता,” सुभेदार म्हणाले. “मग कुणाला चुकवलंस?”

शार्दूल तिथंच बर्फात गुडघे टेकून बसला.

मग त्यानं सांगितलं. त्या दिवशी वरनं कुणीच आलं नव्हतं. उतारावर दोघंच होते, सलील पुढं आणि हा मागं. सलीलच्या रेघेवर आपली रेघ अशी बसवायची की बघणाऱ्याला एकच दिसावी, अशी यानं पैज मारली होती. त्यापायी हा फार जवळनं येत होता. अंतर ठेव, असं सलीलनं एकदा ओरडून सांगितलंही. यानं ऐकलं नाही. पायाच्या पंजांवर भार देऊन वळलं की छाती डोंगराकडं होते आणि पाठ उताराकडं. हा नेमका त्या वळणात असताना पुढं सलील पडला. याला तो दिसला तेव्हा फार उशीर झाला होता.

“सलीलच्या आईनं, काकूंनी, दवाखान्यात विचारलं, कसं झालं रे,” शार्दूल म्हणाला. “माझ्या तोंडून निघून गेलं... स्कीवाला आला म्हणून. मग ते मागं घेता आलं नाही.”

त्यानं गॉगल काढून मुठीत धरला.

“दर रविवारी मला जेवायला बोलावतात. त्याच्या जागेवर बसवतात. माझा मुलगा गेला, पण तू आहेस, असं म्हणतात...”

मी वर्षभर गावातल्या स्कीवाल्या पोरांकडं संशयानं बघत होतो. त्यातल्या दोघांशी तर बोलणंच टाकलं होतं. एकानं दिवाळीत अक्रोड आणून दिले, ते मी दारातूनच परत पाठवले. कुणावर विश्वास ठेवला आणि कुणाला तोडलं! माझी मलाच लाज वाटली.

शार्दूलनं वर पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“रेघा बघितल्या हुत्या मी. दोन बोर्डच्या. स्कीची एक खूण न्हवती.”

“मग बोलला का नाहीत?”

सुभेदार देवदारांकडं बघत राहिले.

“त्याच सांजेला उतार मीच दाबला. सगळं पुसून टाकलं. म्हटलं, एक पोरगं गेलं... दुसरं तरी राहू दे. चुकलं माझं.”

बत्तीस वर्षं मी या माणसाबरोबर काढली. बर्फात गाडली गेलेली माणसं त्यांनी उकरून काढलेली मी पाहिली आहेत. पण डोळ्यांत पाणी पाहिलं ते त्या सकाळी.

शार्दूलनं जाकिटातून तो कागद काढला आणि फाडायला घेतला. सुभेदारांनी त्याचं मनगट धरलं.

“त्यावर एका आईची सही हाय. तो फाडायचा हक्क तुझा न्हाई, माझाबी न्हाई. तिच्याकडं घेऊन जा.”

कागदाची घडी शार्दूलला घालता येईना, शेवटी मीच घालून दिली. खाली दोरीपाशी शाळेची पोरं येऊन थांबली होती. उतार कधी उघडणार म्हणून हाका मारत होती.

“काय सांगू मी काकूंना?” शार्दूलनं विचारलं.

“आत्ता सांगितलंस, तेवढंच.”

“आणि... आणि त्या काय म्हणतील?”

सुभेदारांनी त्याच्या गुडघ्यांवरचा बर्फ झटकला, लहान पोराचा झटकतात तसा. मग त्याला हाताला धरून उभं केलं.

“ते ऐकायलाच जायचं, लेकरा.”