फोटोपुरतं देवघर

"मग देव या भिंतीला ठेवायचे की नाही, एवढंच सांगा, बुवा."

सुहास कळंबे दारातच विचारता झाला. आम्ही अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

अप्पाबुवांना स्कूटरवर मागे बसवून मीच आणलं होतं. बुवा कराडला नदीकाठच्या दत्तमंदिरामागे राहतात. सुहास त्यांच्या प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणारा शिष्य. प्रश्न विचारायचा तो उत्तर आपल्याला आधीच ठाऊक असल्यासारखा. आज मात्र सकाळपासून चारदा फोन करून गोड गोड बोलत होता. माणूस फार गोड बोलायला लागला की मला शंका येते.

फ्लॅट विकायला काढला होता आणि जाहिरातीसाठी फोटो काढायचे होते. एजंटाने बजावलं होतं, घर कुणाचं वाटता कामा नये, कुणाचंही वाटलं पाहिजे.

म्हणून दोरीवरचे कपडे गेले. फ्रिजवरची चित्रं गेली. चपलांचं स्टँड जिन्यात गेलं. जेवणाच्या टेबलावर काचेच्या वाडग्यात लिंबं मांडलेली. या घरात लिंबं कधी वाडग्यात बसली असतील तर शपथ.

कदम नावाचा फोटोवाला कॅमेऱ्याचं तिकाटणं लावून चहा पीत उभा होता.

"तिकडे काय बघताय?" सुहासने त्याला हटकलं.

"कुठे काय, साहेब? उजेड बघतोय."

"उजेड खिडकीकडे आहे."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही खालीच थांबला असतात तरी चाललं असतं."

मी मुद्दाम खुर्ची ओढून बसलो.

शेजारच्या काकूंचं दार किलकिलं झालं, तसं त्याने आपलं दार लावून घेतलं. वर कडीही घातली. भरदिवसा.

बुवा स्वयंपाकघरात गेले. कोपऱ्यात लाकडी देवघर होतं. सकाळचं ऊन थेट देवांच्या पायाशी आलं होतं.

"इथे काय वाईट आहे?"

"फोटोत अंधार येतो."

बुवांनी उन्हाकडे पाहिलं.

"हॉलमधल्या त्या भिंतीला छान दिसेल," सुहास म्हणाला. "मी उचललं असतं. पण मृणाल नाही घरात. बसलेले देव असे हलवायचे म्हणजे... आपला हात लागलेला बरा."

हॉलमधली ती भिंत नव्या रंगाने चकचकत होती. रंगाचा वास होता आणि त्याखाली दुसराही एक, ओलं फडकं कोंडून ठेवल्यासारखा. मी नाक मुरडलं. सुहासने ते पाहिलं.

"कालच रंग दिलाय," तो म्हणाला.

"एकाच भिंतीला?" मी विचारलं.

"तुम्हाला कुणी विचारलं का?"

बुवांनी भिंतीवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. काढला तेव्हा हात पांढरा झाला होता.

"पलीकडे काय आहे?"

"बाथरूम," सुहास म्हणाला.

कदमने चहाचा कप खाली ठेवला. "बाथरूमच्या भिंतीला देव? अहो, असं कुणी करतं का?"

"फोटोत पलीकडचं दिसत नाही," सुहास म्हणाला.

"खरं आहे," बुवा म्हणाले. "नाही दिसत."

त्यांनी उपरण्याला हात पुसला.

"घेणारे येऊन बघणार असतील की."

"नाही. लांब असतात, मस्कतला. सात-आठ महिन्यांचं बाळ आहे. त्याला घेऊन एवढा प्रवास कुठे करणार? फोटो पसंत पडले की इसार पाठवतायत. पुढच्या महिन्यात थेट राहायलाच येतील."

"हं."

"मी फसवत नाहीये, बुवा. प्लंबर आणला होता."

"गळती थांबली?"

"थांबेल म्हणाला."

"ओजस कसा आहे?"

ओजस म्हणजे सुहासचा मुलगा, चार वर्षांचा. वर्षभर त्याच्या छातीचं दुखणं चाललं होतं. शेवटी त्याची आई मृणाल त्याला घेऊन भावाकडे राहायला गेली, हे मलाही माहीत होतं.

सुहासचा चेहरा एकदम उजळला. "छान आहे. तिकडे गेल्यापासून एकदाही दम लागला नाही. ते वाफेचं मशीनसुद्धा माळ्यावर टाकलं..."

तो बोलता बोलता थांबला.

कदम कॅमेऱ्याची काच पुसू लागला. ती आधीच स्वच्छ होती.

"मला नवीन जागा बघायचीय," सुहास हळूच म्हणाला. "हे विकल्याशिवाय ती घेता येत नाही. किती दिवस बायकोपोराला दुसऱ्याच्या दारात ठेवू? कुणीही हेच केलं असतं. सगळेच करतात."

त्याचं मला वाईट वाटलं. रागही आला. दोन्ही एकदम आलं.

"आपण नाही म्हणणार असाल तर आत्ताच सांगा," तो म्हणाला.

"नाही कशाला म्हणू?" बुवा म्हणाले. "ठेवू की."

सुहास त्यांच्याकडे बघत राहिला. "एवढ्या सहज?"

"मग?"

"माझी परीक्षा बघताय."

"परीक्षा मास्तर घेतात. मी देव हलवायला आलोय. धर तिकडून."

बुवांनी देव ताम्हनात काढून घेतले, मग दोघांनी रिकामं देवघर उचलून हॉलमध्ये आणलं. भिंतीला टेकवलं. खाली फुगलेला पोपडा त्यामागे नीट झाकला गेला. वर पितळी समई ठेवली. कदमने कॅमेऱ्याला डोळा लावला आणि मान डोलावली. खरंच छान दिसत होतं. मला तर बुवांचाच संशय यायला लागला.

बुवा ताम्हनातून एकेक देव घेत होते. आधी गणपती बसवला. मग खंडोबाचा टाक, मग अन्नपूर्णा. प्रत्येकाला पुसायचे, डोक्याला लावायचे आणि जागेवर ठेवायचे. सुहास हात जोडून उभा होता, पण डोळे बुवांच्या हातांवर होते, काहीतरी काढून घेतलं जाईल असे.

शेवटी बाळकृष्ण राहिला. मृणालने लग्नात माहेराहून आणलेला, पितळेचा, अंगठ्याएवढा.

बुवांनी त्याला पुसलं. डोक्याला लावलं. मग उपरण्याच्या टोकात गुंडाळलं आणि छातीशी धरून दाराकडे चालू लागले.

"बुवा, तो राहिला."

बुवा चपला शोधत होते. त्या जिन्यात होत्या.

"बुवा... त्याची जागा रिकामी दिसेल फोटोत."

"दिसू दे."

"पण बाकीचे सगळे बसवलेत. मग हाच का नाही?"

बुवांनी कडी काढली. उपरण्याची गाठ एकदा चाचपून पाहिली.

"बाकीचे मोठे आहेत, सुहास. हा अजून रांगतो."